बूट, बाटली, टोपी, डबा

नगरच्या दिल्लीगेटजवळ सीताफळांच्या हातगाड्या लागल्या की मला आधी वास येतो तो फळांखाली अंथरलेल्या पाल्याचा. कडवट, थोडा औषधी, हाताला चिकटून राहणारा. रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी त्या गाड्यांवरून जाते. एक मावशी ओळखीच्या झाल्यात. फळ उचलून माझ्यापुढे धरतात आणि म्हणतात, "ताई, ह्याचे डोळे बघा कसे उघडलेत. उद्या होतंय." मी मान हलवते, दोन घेते आणि खोलीवर नेऊन तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवते. ती पिकेपर्यंत खोलीभर तो वास राहतो, आणि तेवढे दोन दिवस मी जराशी दुसऱ्याच गावात असते.

दसऱ्याच्या आगेमागे येणाऱ्या ह्या पंधरा दिवसांना पंचांगात वेगळं नाव नाही. पाऊस गेलेला असतो, पण डोंगर अजून हिरवा असतो. बाजरी निघालेली असते. माळावर तरवड पिवळाधमक झालेला असतो आणि कुसळं नुकती वाळायला लागलेली असतात. पाथर्डीकडच्या वाड्यावस्त्यांवर लोक भांडी पोत्यात भरायला लागतात, कारण साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायची वेळ झालेली असते.

यंदा ह्याच दिवसांत ऑफिसातल्या चौघींनी ठरवलं की कुठेतरी चढायला जाऊ. लांब नको, गर्दी नको, पुढचा शनिवार. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू इथलीच ना? तूच ठरव की." मी सोनईची. सोनई म्हणजे पाटाचं पाणी, ऊस आणि सपाट जमीन. तिथल्या माणसाला डोंगराचं काय विचारायचं. पण एक डोंगर मला माहीत होता. पाथर्डी तालुक्यात, आत्या जिथे शिक्षिका होती त्या गावाच्या डोक्यावर. वनखात्याने वर छोटंसं उद्यान केलं आहे: एक फाटक, पहारेकऱ्याची खोली, लोखंडी मनोरा, आणि झाडांच्या बुंध्यांवर नावांच्या पाट्या. खालून तासाभराची चढण. नकाशावर शोधावं लागतं इतकं लहान.

मला ठरवायला आवडतं. यादी करताना कुणाशी बोलावं लागत नाही. रात्री जेवण झाल्यावर मी मोबाईलवर लिहायला बसले. एसटीची वेळ. पाथर्डीहून जीप. फाटक कधी उघडतं. मग खाली लिहिलं, काय आणायचं. आणि 'बूट' एवढं लिहून माझा हात थांबला.

मी सहावीत होते. आमच्या इंग्रजी शाळेला नवरात्रात आठवडाभर सुट्टी असायची, आत्याच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला नसायची. म्हणून बाबा मला आत्याकडे सोडून गेले. तिचं लग्न झालेलं नव्हतं, शाळेजवळ दोन खोल्या घेऊन ती एकटीच राहायची. दिवसभर मी तिच्या वर्गात मागच्या ओळीत बसायचे. मला मराठी बोलता यायचं, पण बोलायचे नाही. कुणी 'एकोणसत्तर' म्हटलं की मला मनातल्या मनात बोटं मोजावी लागायची, आणि ते वर्गातल्या संगीताने पहिल्याच दिवशी ओळखलं.

"तुला पाढे कुनी शिकवले गं? मडमनं?"

सगळा वर्ग हसला. दुपारच्या सुट्टीत तीच माझा हात धरून शाळेमागच्या उतारावर घेऊन गेली. तिथे सीताफळीची झाडी होती. तिने मला दगडासारखं कच्चं फळ आणि पाडाला आलेलं फळ ह्यांतला फरक शिकवला. "हे बघ, ह्याचा डोळा मिटल्याला हाय. त्याला झोपू दे. आन् हे बघ, हे तुझ्याकडं टकामका बघतंय. ह्याला तोडायचं." मी हात लांब करायचे आणि फांदी ओरबाडेल म्हणून मागे घ्यायचे. ती झाडात शिरून बाहेर यायची तेव्हा तिच्या केसांत पानं असायची आणि ओच्यात पाच-सहा फळं. आठवडाभर आम्ही दोघी रोज तिथे जायचो. माझ्या शाळेत मला इतकी वर्षं मैत्रीण नव्हती. तिथे चार दिवसांत झाली.

दसरा झाला की गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जायची. पोरंही आईबापांबरोबर जायची. म्हणून ती जायच्या आत आत्या दरवर्षी त्या वर्षीच्या सहावीला डोंगरावर घेऊन जायची. "परत येतात तेव्हा उन्हाळा असतो," ती म्हणायची. "डोंगर नुसता वाळून गेलेला. हिरवा असताना एकदा बघू दे त्यांना."

सहलीच्या आदल्या दुपारी तिला तालुक्याला बैठकीला जावं लागलं. जाताना तिने माझ्या हातात खडू दिला. "उद्याच्या सहलीचं फळ्यावर लिहून ठेव. तुझं अक्षर छान आहे."

मी छान अक्षरात लिहिलं. आमच्या शाळेतून घरी जी सर्क्युलरं यायची ती मला पाठ होती. पोहायला न्यायचं असो की गॅदरिंग असो, मजकूर ठरलेला. मी तोच मराठीत मांडला. पांढरे बूट. पाण्याची बाटली. टोपी. डबा. पालकांची सही. आणि सगळ्यात खाली, आमच्या शाळेच्या प्रत्येक कागदावर असायचं ते वाक्य: वरील वस्तू नसल्यास विद्यार्थ्यास येता येणार नाही. आमच्याकडे ते वाक्य कुणी वाचतही नसे. आया बाजारात जाऊन सगळं घेऊन यायच्या.

मला एक गोष्ट कळली नव्हती. आत्याच्या वर्गात फळ्यावरचं सगळं खरं मानलं जायचं. तिने पोरांना तसंच शिकवलं होतं. कुणी काही विचारलं की ती म्हणायची, "फळ्यावर बघ." अमावास्या, पटसंख्या, कुणाची पाळी झाडायची, सगळं तिथे. त्या पोरांनी माझं वाक्य वाचलं आणि त्यांनी ते खरं मानलं.

संध्याकाळी संगीता आत्याच्या दाराशी आली. आत यायची ती, पण त्या दिवशी उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"चप्पल चालंल का गं?"

मी म्हटलं, "बूट लिहिलंय."

"ते दिसलं मला. तुझं तू लिव्हलं का बाईंनी सांगितलंय?"

मला एवढंच म्हणायचं होतं की मी लिहिलं, चप्पल चालेल. पण मी चुकले हे बोलून दाखवणं मला जमायचं नाही. अजूनही पटकन जमत नाही. मी म्हटलं, "बाईंनीच सांगितलंय."

ती "बरं" म्हणाली आणि गेली.

सकाळी बावीसपैकी सात पोरं आली. ज्यांच्या घरी दुकान होतं, ज्यांचे वडील नोकरीत होते, अशी. आत्याने विचारलं, "बाकीचे कुठंयत?" पुढे उभी असलेली एक लहान मुलगी म्हणाली, "बाई, त्यांच्याकडं बूट न्हाईत." आत्या वर्गात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या पदराचं टोक खडूने पांढरं झालं होतं. आम्हाला लिंबाखाली बसवून ती घरोघर फिरली आणि तासाभराने दोन पोरांना घेऊन आली. बाकीची आयांमागे कापसात गेली होती. संगीताच्या घराला कडी होती. मायलेकी पहाटेच्या जीपने पाथर्डीच्या बाजाराला गेल्या होत्या.

त्या दिवशीचा डोंगर मला आठवत नाही. पाट्यांवरची झाडांची लॅटिन नावं वाचायला आत्याने मला पुढे बोलावलं होतं, तेवढं आठवतं. नऊ पोरं माझ्याकडे बघत होती आणि मी वाचत होते.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. त्यात पोती, पातेली, कोंबड्यांची टोपली, एक शेळी, आणि ह्या सगळ्यांच्या वर संगीता. मी आत्याच्या मागे उभी होते. तिने मला वरूनच हाक मारली. "बघितला का गं डोंगर? कसा हाय?"

जन्मापासून त्या डोंगराच्या पायथ्याशी राहणारी मुलगी मला विचारत होती. मी म्हटलं, "छान." ट्रक निघाला.

सोनईला आमच्या घरामागच्या उसात दरवर्षी तोडणीची टोळी यायची. बांधाच्या कडेला उसाच्या वाळल्या पाल्याच्या, पाचटाच्या कोप्या उभ्या राहायच्या, पहाटे चुलींचा धूर यायचा, मोळ्या बांधताना बायका एकमेकींना हाका मारायच्या. माझ्यासाठी ते हिवाळ्याचे आवाज होते, बाकी काही नाही. त्या वर्षी मात्र मी कोप्यांपर्यंत जाऊन आले. ती लोकं बीडकडची होती, संगीता तिथे असण्याचं कारणच नव्हतं. तरी मी पोरांच्या पायांकडे बघत उभी राहिले आणि कुणीतरी "काय पायजे गं, ताई?" विचारल्यावर पळत घरी आले.

पुढच्या वर्षी आत्याची बदली झाली. मी त्या गावाला परत गेले नाही. आता ती निवृत्त होऊन सोनईला आमच्याकडे राहते, सकाळी फुलं गोळा करते आणि दिवसभर टीव्हीवरच्या बातम्यांच्या शुद्धलेखनावर चिडते.

यादी तशीच ठेवून मी तिला फोन केला. इतक्या वर्षांनी सांगितलं. फळ्यावर मी लिहिलं हे तिला माहीतच होतं. पण संगीताने दाराशी येऊन विचारलं होतं, आणि मी आत्याचंच नाव पुढे केलं, हे तिला सांगितलं.

"तेही माहीत आहे मला," आत्या म्हणाली.

"कसं?"

"उन्हाळ्यात परत आल्यावर तिनं विचारलं मला. बाई, तुमी बूट सांगितलं हुतं का? मी म्हटलं, हो."

"का पण?"

"अगं, तू अकरा वर्षांची. एवढ्याशा गावात एक मैत्रीण झालेली तुला. म्हटलं, राहू दे. माझ्यावर रागावली तर रागावली." मग म्हणाली, "नंबर आहे तिचा माझ्याकडे. दर दिवाळीला फोन करते ती. शेजारच्या वाडीत दिलंय. घे लिहून."

म्हणजे इतकी वर्षं आत्या माझ्या वाक्याची धनीण होऊन बसली होती, आणि तीच बाई दर दिवाळीला संगीताची खुशाली विचारत होती. नंबर कागदावर लिहून मी दोन दिवस तो कागद पर्समध्ये नुसता वागवला. काय बोलायचं ते मनात जुळवलं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या जिन्यात उभी राहून फोन लावला आणि जुळवलेलं सगळं विसरले.

"हालू. कोन?"

"मी... बाईंची भाची."

"कोनत्या बाईंची?" मग एकदम आवाज चढला. "आगं, सोनईची का? इंग्रजी शाळंवाली?"

"हो."

"आगं बाई! मग बोल की. फोन करून गप बसतंय का कुनी?"

मी म्हटलं, "मी डोंगरावर येतेय. वरच्या बागेत. तू येशील का माझ्याबरोबर?"

"मी?" ती हसायला लागली. "मला काय नवं हाय त्यात? शेळ्यांमागं निम्म्यापस्तोर जातीच की मी. पार वर तेवढं न्हाई गेले कधी. कवा येती?"

"पुढच्या शनिवारी."

"मग न्हाई जमत. मंगळवारी गाडी येनार हाय आमची. कारखान्यावर चाललो आमी."

जिन्यातून लोक चढत-उतरत होते. मी भिंतीकडे तोंड केलं. "ह्या रविवारी आले तर?"

"रैवारी? आगं, बांधाबांध हाय सगळी..." मागे कुणीतरी काही विचारलं, तिने फोनवर हात ठेवून काही सांगितलं. मग म्हणाली, "ये. सकाळची ये पन. उन्हाच्या आत उतरू."

ऑफिसच्या ग्रुपवर मी लिहिलं की तुम्ही शनिवारी जा, मी रविवारीच जाऊन येते. कुणीतरी विचारलं, एकटीच? आणि डोळे मोठे केलेला चेहरा टाकला.

पाथर्डीच्या स्टँडवर जीपवाले ओरडत होते. माझ्या शेजारी एक म्हातारी मांडीवर नवा स्टोव्ह घेऊन बसली होती. ह्या दिवसांत त्या रस्त्यावरच्या प्रत्येक जीपमध्ये कुणाच्या तरी मांडीवर काहीतरी नवं असतं: कोयता, बादली, प्लॅस्टिकचा कागद. फाट्यावर उतरले तर संगीता आधीच येऊन थांबली होती. रुंद झाली होती, कपाळावर मोठी टिकली, हातात पाण्याचं कॅन. मला बघून म्हणाली, "हाय तेवढीच हायेस की. खायला घालतात का न्हाई नगरात?"

आम्ही चढायला लागलो. ती पुढे, मी मागे. तिची सासू म्हणाली होती की भांडी भरायची टाकून डोंगर बघायला चाललीय, येडी झाली का. ते तिने सासूचा आवाज काढून सांगितलं. पोरगी दुसरीत आहे. आजवर बरोबर न्यायची, यंदा पहिल्यांदाच तिला सासूजवळ ठेवून चालली होती. "शाळा बुडती," ती म्हणाली. "चार म्हैने तिकडं, मग हितं येऊन बसती गप. तुझ्यावानी." मी हसले. कुसळं सलवारीत अडकत होती आणि मी दर दहा पावलांवर वाकून काढत होते. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "वर गेल्यावर सगळी एकदमच काढ."

निम्म्या वाटेवर एक सपाट खडक आहे. तिथे ती टेकली. मी उभीच राहिले, कारण बसले असते तर पुन्हा धीर झाला नसता.

"संगीता, त्या सहलीचं. बूट मी लिहिलं होतं. आत्याने सांगितलं नव्हतं. मी तुला खोटं सांगितलं, आणि नंतर तिने माझ्यासाठी तेच सांगितलं."

ती कॅनचं झाकण उघडून पाणी प्यायली.

"ठाऊक हाय मला."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? बाई सोता चप्पल घालून डोंगर चढायच्या. त्या कशाला सांगतील बूट?" तिने तोंड पुसलं. "बाई हो म्हनाल्या, तवाच कळलं. म्हनलं, भाचीवर लई माया हाय."

खरं होतं. आत्याने जन्मात बूट घातले नव्हते. त्या दिवशी तिच्यामागून चढताना तिच्या टाचा माझ्या डोळ्यांसमोर होत्या, ते आत्ता आठवलं.

"आन् बूट मिळाले मला," संगीता म्हणाली. "आई भाटेची पाथर्डीला घेऊन गेली ना त्याच्यासाठीच. पांढरे, नाडीचे. दुपारी आलो तर तुमी वर गेल्याले. लई रडले मी. तुला शिव्या दिल्त्या."

"कसल्या?"

"आता न्हाई देत. लेकुरवाळी हाय मी." ती हसली, पण लगेच थांबली. "मग तेच घालून उसात गेले. पाचटानं पाय कापतो बघ, लई बारीक कापतो, आन् राती आग हुती. त्या वर्साला माझा न्हाई कापला. फडातल्या पोरी मला मडम म्हनायच्या."

मी म्हटलं, "माझं चुकलं."

"व्हय, चुकलंच," ती म्हणाली. "चल आता. ऊन चढतंय."

मला वाटलं होतं की हे बोलून झालं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. मात्र राहिलेल्या चढणीवर आम्ही शेजारी शेजारी चाललो. वाट दोघींपुरती नव्हती, तरी.

फाटकातल्या पहारेकऱ्याने वहीत नावं लिहायला सांगितली. "गाव?" त्याने तिला विचारलं. तिने खाली बोट दाखवलं. "हे काय, खालचं." तो म्हणाला, "खालची मानसं येत न्हाईत कवा वर." ती म्हणाली, "तर. आलेय न्हवं आज."

मनोऱ्याचा जिना चढताना तिने कठडा दोन्ही हातांनी धरला होता. वर पोचल्यावर आधी तिने डोळे मिटून घेतले, मग उघडले. खाली उतारावर सीताफळींचे हिरवे ठिपके, त्याखाली माळ, शाळेचं पत्र्याचं छप्पर, मग वाडी. पंधरा-वीस घरं.

"एवढंसंच हाय व्हय," ती म्हणाली. मग बोटाने एकेक घर मोजत गेली, चुकली, पुन्हा मोजलं. पिशवीतून फोन काढला.

"आक्के, बाहेर ये. आजीला न्हाई, तू ये. अंगनात. हां. आता वर बघ. मनोरा दिसतो का? त्याच्यावर मी हाय."

अंगणाच्या चौकोनात एक निळा ठिपका आला. संगीताने डोक्यावरचा पदर काढून हातात धरला आणि हलवला. फोनमधून बारीक आवाज मलाही ऐकू येत होता. "दिसंना. मम्मे, कुठंय तू? दिसंना मला."

"हलू नको. हाय तिथंच उभी ऱ्हा."

"दिसंना की!"

"तुला नसंल दिसत," संगीता म्हणाली. तिचा आवाज नेहमीचाच होता, पण पदर हलवायचा थांबला होता. "मला दिसतीस तू."

निळा ठिपका अंगणात गोल गोल धावायला लागला. मी घड्याळ बघितलं. एकच्या जीपला निघायचं तर आता उतरायला हवं होतं, आणि मी तसं म्हटलं.

"जाऊ दे जीप," ती म्हणाली. तिची नजर खालीच होती. "थांब जरा. ती आत गेली की उतरू."